अनाम परीक्षक आणि सनाम संपादक

आमच्या अकादमीच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक सूचना विचारार्थ आहे. या त्रैमासिकाकडे येणारा प्रत्येक लेख यापुढे दोन जाणकारांकडे पाठवावा, लेखकास त्यांची नावे कळू नयेत व त्यांस लेखकाचे नाव कळू नये, आणि त्यांचे अभिप्राय पाहूनच लेख स्वीकारावा किंवा परत करावा, अशी ती सूचना. मुखपृष्ठावर ‘पिअर रिव्ह्यूड’ हे शब्द छापावेत असे तिचे एक उपकलमही आहे. परीक्षकांच्या यादीत आमचे नाव घालण्यास संमती द्यावी, असे पत्र कार्यवाहांनी आम्हांस धाडले आहे. होय किंवा नाही एवढेच कळवून मोकळे होता आले असते. परंतु या पानांचे वाचक बहुतेक शिक्षक आहेत. त्यांपैकी पुष्कळांस उद्या लेखक म्हणून, आणि काहींस परीक्षक म्हणून, या पद्धतीशी गाठ घालावी लागेल. म्हणून तिचा थोडा विचार येथे उघडपणे करावा, असे वाटले.

‘पिअर’ या शब्दाचे भाषांतर कोणी ‘समवयस्क’ असे करतात ते चूक आहे. वयाचा येथे संबंध नाही. ‘बरोबरीचा’ असा त्याचा अर्थ आहे. ज्या विषयावर लेख आहे त्या विषयात लेखकाइतकाच अधिकार असलेल्या माणसाने तो प्रकाशनापूर्वी तपासणे, हे समकक्ष-परीक्षण होय. कल्पना जुनी आहे, परंतु समजली जाते तितकी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीशी निगडित असलेले ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी काढले, तेव्हा काय छापावे आणि काय नाही हे ते स्वतःच ठरवीत. १७५२ मध्ये सोसायटीने निबंध निवडण्यासाठी समिती नेमली. तिचे सभासद गुप्त मतदान करीत, कारणे कोणी लिहून देत नसे. लेखी अभिप्रायाची प्रथा पडली ती १८३१-३२ मध्ये, विल्यम ह्यूएल यांच्या आग्रहामुळे. येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. ह्यूएल यांस हे अभिप्राय गुप्त नव्हे, तर सहीनिशी व जाहीर हवे होते. नव्या संशोधनाचा त्यामुळे गौरव होईल व ते लोकांस समजेल, हा त्यांचा हेतू होता. खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या पृथ्वी व शुक्र यांच्या गतीवरील निबंधावर ते व जॉन लबक असे दोघे परीक्षक बसले. लबक यांस निबंधातील दोष दिसले आणि ते लेखकास दाखवावेत असे वाटले. ह्यूएल यांस केवळ त्याचे महत्त्व सांगायचे होते. दोघांचे जमेना. पुढे थोड्याच काळात अभिप्राय गुप्त ठेवण्याची वहिवाट पडली. दोष दाखवायचा म्हटले की माणसास पडदा लागतो, हे त्या विद्वानांच्या पहिल्याच प्रयोगात दिसून आले.

तरीही पुढील सव्वाशे वर्षे ही पद्धत सार्वत्रिक नव्हती. ‘नेचर’ या विख्यात साप्ताहिकाने प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकाकडे पाठविणे अनिवार्य केले ते १९७३ मध्ये. वॉटसन व क्रिक यांचा जनुकद्रव्याच्या रचनेवरील १९५३ मधील लेख त्याच साप्ताहिकात असा परीक्षकाकडे न जाताच छापला गेला. ज्या पद्धतीस आज विद्येची अनादि मर्यादा म्हणून सांगितले जाते, ती आमच्या पिढीतील कित्येकांच्या वयाहून फार मोठी नाही.

या पद्धतीचे गुण पाहावयाचे तर १९३६ सालच्या एका प्रकरणाकडे जावे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन या तरुण सहकाऱ्यासह एक निबंध लिहून ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाकडे धाडला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात असू शकत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाकडे पाठविला. तज्ज्ञाने सुमारे दहा पानांचा अभिप्राय लिहून गणितातील अडचण कोठे आहे ते दाखविले. टेट यांनी तो अभिप्राय आइन्स्टाइन यांजकडे पाठवून त्यांचे म्हणणे विचारले. आइन्स्टाइन संतापले. आपण निबंध छापण्यासाठी दिला होता, छापण्यापूर्वी कोणा तज्ज्ञास दाखविण्याची मुभा दिली नव्हती, त्या अनाम गृहस्थांच्या चुकीच्या शेऱ्यांस उत्तर देण्याचे कारण दिसत नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी निबंध परत घेतला. पुढे त्या नियतकालिकास त्यांनी संशोधनलेख दिला नाही. जर्मनीत असताना त्यांस अशा तपासणीची सवय नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

गोष्ट येथे संपत नाही. तो अनाम परीक्षक होता हॉवर्ड रॉबर्टसन. त्याच वर्षी तो प्रिन्स्टनला परतला आणि आइन्स्टाइन यांचा नवा सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड याच्याशी त्याची ओळख झाली. गप्पांच्या ओघात त्याने त्या सिद्धतेतील चूक इन्फेल्डला समजावून दिली. इन्फेल्डने ती आइन्स्टाइन यांच्या कानी घातली, तेव्हा आपणासही ती नुकतीच आढळली आहे असे ते म्हणाले. निबंध १९३७ मध्ये ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये छापला गेला तो शीर्षक व निष्कर्ष दोन्ही बदलून. रॉबर्टसन यांनी आपणच तो परीक्षक असल्याचे आइन्स्टाइन यांस कधी सांगितल्याचे दिसत नाही. नियतकालिकाच्या जुन्या नोंदवहीतून ते नाव २००५ मध्ये जगापुढे आले. आणि ज्या लहरी नाहीत असे प्रथम लिहिले गेले होते, त्या २०१५ मध्ये प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या.

या हकिकतीवरून अनाम परीक्षकाचा जयजयकार करणे सोपे आहे, आणि तो थोडासा योग्यही आहे. नाव झाकलेले नसते तर आइन्स्टाइन यांच्या निबंधास चूक म्हणण्याचे धाडस रॉबर्टसन यांनी केले असते की नाही, कोण सांगणार? परंतु आमचे लक्ष वेधते ते टेट यांजकडे. अभिप्राय दहा पानांचा होता. ‘अयोग्य’ असा शेरा मारून तो संपला नव्हता. संपादकाने तो वाचला, स्वतःच्या सहीने लेखकाकडे पाठविला, उत्तर मागितले, आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञाचा रोष स्वतःच्या नावावर घेतला. परीक्षक अनाम राहू शकला, कारण संपादक सनाम होता. हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

ज्या लहरींची वरील हकिकत, त्यांचा वेध घेणारी भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली. औंढा नागनाथ म्हटले की मराठी माणसास विसोबा खेचर आठवतात, आणि विसोबा आठवले की गोरोबाकाकांचे थापटणे. संतमेळ्यात मडके कच्चे कोणते व पक्के कोणते हे पाहण्यासाठी गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. इतरांनी ते निमूट सोसले, नामदेव रागावले, आणि तेच कच्चे ठरले, अशी परंपरागत कथा आहे. पंढरीच्या लाडक्या भक्तास भर सभेत कच्चे म्हणणे, हे आइन्स्टाइन यांस चूक म्हणण्याहून सोपे नसावे. नामदेव मग औंढ्यास विसोबांकडे गेले. ही आमच्याकडची समकक्ष-परीक्षेची कथा. परंतु तीत परीक्षक समोर उभा आहे, थापटणे त्याच्या हातात सर्वांस दिसते आहे, आणि कच्चे ठरलेल्यास पुढची वाटही मिळते. पडद्याआडून थापटणे आले असते तर नामदेव औंढ्यास गेले असते काय, हा प्रश्न आमच्या मनात अनेकदा येतो. अर्थात गोरोबा सर्वत्र मिळत नाहीत. बहुतेक माणसे समोरासमोर खरे बोलत नाहीत, म्हणून तर पडदा हवा.

तो पडदा कोणाकडून कोणावर टाकायचा, यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे. पीटर्स व सेसी या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. नामांकित विद्यापीठांतील संशोधकांचे छापून आलेले बारा निबंध त्यांनी घेतले. लेखकांची व संस्थांची नावे बदलून अगदीच अपरिचित अशी काल्पनिक नावे घातली. आणि जे ज्या नियतकालिकाने दीड ते अडीच-पावणेतीन वर्षांपूर्वी छापले होते, ते त्याच नियतकालिकाकडे पुन्हा पाठविले. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नवांपैकी आठ परत आले, आणि ते पूर्वी छापले गेले होते म्हणून नव्हे, तर संशोधनपद्धतीत गंभीर दोष आहेत म्हणून! त्या परीक्षकांची स्वतःची नावे झाकलेली होती, लेखकांची मात्र दिसत होती. परीक्षकाने स्वतः बुरखा घ्यावा व लेखकास उघड्यावर उभे करावे, ही रचना सर्वांत वाईट, असे आमचे मत या प्रयोगामुळे बनले. कार्यकारिणीच्या सूचनेत दोन्ही नावे झाकण्याचे म्हटले आहे, ते चांगले आहे.

आता साहित्याकडे वळू. कारण आमचे त्रैमासिक पदार्थविज्ञानाचे नव्हे. साहित्यसमीक्षेचा इतिहास या बाबतीत नेमका उलट्या दिशेने गेलेला आहे. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ आणि ‘क्वार्टरली रिव्ह्यू’ यांच्या काळी परीक्षणाखाली नाव नसे. कीट्सच्या ‘एंडिमियन’वर १८१८ मध्ये जी कुप्रसिद्ध टीका ‘क्वार्टरली’त आली ती क्रोकर यांची, पण निनावी. (त्या टीकेने कीट्स मेला ही कवींनी पसरविलेली कथा, तो क्षयाने वारला.) लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने ही निनावी परंपरा सत्तर वर्षे चालविली, आणि १९७४ मध्ये जॉन ग्रॉस संपादक असताना ती सोडली. म्हणजे ‘नेचर’ने परीक्षक अनिवार्य केला त्याच्या पुढच्याच वर्षी साहित्याच्या प्रमुख पत्राने परीक्षकास नाव घ्यावयास लावले. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे आम्ही जाणतो. छापून झालेल्या पुस्तकावरील जाहीर मत वेगळे आणि छापावे की नाही याविषयीचा खाजगी सल्ला वेगळा. तथापि साहित्यात मत आणि मत देणारा यांस वेगळे करणे किती अवघड आहे, याची खूण त्यातून पटते.

हाच मुद्दा पुढे अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मुखपत्रात निघाला. त्या पत्राने १९८० च्या सुमारास लेखकाचे नाव परीक्षकांपासून लपविण्याचे धोरण घेतले. स्त्रियांस व नवख्या अध्यापकांस न्याय मिळावा हा त्यामागचा आग्रह. मिल्टनचे अभ्यासक स्टॅनली फिश यांनी त्यास विरोध केला. लेखाचे मूल्य लेखकाच्या स्थानापासून अलग काढता येते हेच त्यांस मान्य नव्हते. मिल्टनवर मी काय लिहितो यास महत्त्व आहे ते काही अंशी मी लिहितो म्हणून, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद. तो त्याच मुखपत्राने १९८८ मध्ये छापला, हे त्या संपादकांचे भूषण. फिश यांचे म्हणणे आम्हांस अर्धे पटते. मान्यवर समीक्षकाने ज्ञानेश्वरीवर चार पाने लिहिली तर ती कोणाची आहेत हे ठाऊक असण्याने वाचनात फरक पडतो, यात शंका नाही. परंतु मान्यवरांस कोठेही जागा मिळतेच. नाव झाकल्याने त्यांचे नुकसान होते ते थोडे. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा एखाद्या तालुक्याच्या गावच्या शिक्षिकेचा लाभ होतो तो पुष्कळ.

फिश यांनी न सांगितलेली एक अडचण मात्र आमच्याकडे आहे. मराठीत, आणि त्यातही महाराष्ट्राबाहेरच्या मराठीत, नाव झाकून झाकणार किती? महानुभाव गद्यावर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. होळकरशाहीतील मराठी कागदपत्रांवर लिहिणारे त्याहून कमी. लेखात ‘ह्या’ आहे की ‘या’, अवतरणे कोणत्या प्रतीची आहेत, आणि स्वतःच्याच जुन्या लेखाची तळटीप किती वेळा येते, यावरून आम्ही लेखक ओळखतो. तोही आमच्या अभिप्रायावरून आम्हांस ओळखील. तेव्हा दुहेरी पडद्याचा विश्वास फार धरू नये.

आम्ही शाळेत आयुष्य घालविलेली माणसे. आम्हांस साहजिकच उत्तरपत्रिकांची उपमा सुचते. मंडळाच्या परीक्षेत तपासनीसास विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही, विद्यार्थ्यास तपासनिसाचे नाव कळत नाही, आणि त्यात कोणास अन्याय वाटत नाही. मग लेखाच्याच बाबतीत खळखळ का? याची कारणे आहेत. तपासनिसाच्या हाती छापील उत्तरसूची असते. कोणत्या उत्तरास किती गुण हे त्याच्या लहरीवर नसते. त्याच्या कामावर नियामक असतो. विद्यार्थ्यास फेरतपासणी मागता येते. आणि तपासनीस हा विद्यार्थ्याचा स्पर्धक नसतो. लेखाच्या परीक्षकापाशी उत्तरसूची नाही, आणि तो ‘बरोबरीचा’ आहे म्हणूनच बहुधा स्पर्धकही आहे. मग नियामक कोण? फेरतपासणी कोणाकडे? संपादकाने ते काम केले नाही तर कोणीही नाही.

आणि सांप्रत नेमका संपादकच अदृश्य होत चालला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच्. डी.चा प्रबंध देण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात लेख छापण्याची अट घातली (ती २०२२ मध्ये उठली), आणि २०१० पासून अध्यापकांच्या बढतीसाठी अशा लेखांचे गुण मोजले जाऊ लागले. लागलीच ‘पिअर रिव्ह्यूड’ हे शब्द मुखपृष्ठावर छापणे हा एक धंदा झाला. जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’साठी एक परीक्षा घेतली. ढोबळ चुकांनी भरलेला एक बनावट निबंध किरकोळ फेरफार करून त्यांनी ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे तो धाडला त्यांतील सुमारे एक तृतीयांश भारतातून निघणारी होती. आयोगाने मान्य केलेल्या यादीची छाननी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार विद्यापीठांनी सुचविलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली. पुढे ‘केअर’ ही नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही आयोगाने बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविली. म्हणून मुखपृष्ठावरील त्या दोन शब्दांच्या उपकलमास आमचा विरोध आहे. ते शब्द आता काहीच सांगत नाहीत.

निनावी मजकुराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आमच्या पत्रसृष्टीने फार पूर्वी सोडविला आहे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांसंबंधीचा मजकूर ज्या पत्रांच्या आधारे छापला ती बनावट ठरली, तेव्हा १८८२ मध्ये टिळक व आगरकर हे संपादक डोंगरीच्या तुरुंगात गेले व १०१ दिवस राहिले. पत्रे पुरविणारे दुसरे होते, ही सबब चालली नाही.

आता आमच्या स्वतःच्या वहीतील एक पान. काही वर्षांपूर्वी एका त्रैमासिकाने (त्याचे नाव येथे नको) माळव्यातील मराठी घरांतल्या हळदीच्या गीतांवरील एक लेख आमच्याकडे तपासणीस धाडला. लेखकाचे नाव अर्थातच नव्हते. सहामाही परीक्षेचे निकाल लागावयाचे होते. रात्री अकरानंतर आम्ही तो वाचला आणि लिहिले की विषय चांगला, मांडणी शिथिल, संदर्भ अपुरे, सबब प्रकाशनयोग्य नाही. एवढेच. संपादकांनी आमचे ते वाक्य जसेच्या तसे टंकून लेखकाकडे रवाना केले. चारपाच महिन्यांनी एका छोट्या गावच्या शाळेतील शिक्षक क्रीडास्पर्धेच्या कामासाठी आमच्या कचेरीत आले. काम झाल्यावर पिशवीतून त्यांनी एक कागद काढला आणि म्हणाले, “सर, आपण लिहिता म्हणून विचारतो. मांडणी शिथिल म्हणजे मी नेमके काय करायला हवे होते?”

आम्ही आमचे वाक्य ओळखले. तासभर आम्ही त्यांच्याशी बोललो. गीते विधींच्या क्रमाने लावा, सांगणाऱ्या बायकांची नावे व गावे द्या, माळवी शब्द कोठे शिरले ते दाखवा, असे सारे सांगितले. जे त्या रात्री लिहावयास अर्धे पान लागले असते ते सांगितले. ते लिहिणारे आम्हीच, हे मात्र सांगितले नाही. त्यांनी लेख पुन्हा लिहिला नाही. आम्ही दोनदा आठवण दिली. शाळेचे काम फार आहे असे ते म्हणाले. ज्या दोन वृद्ध बायकांकडून त्यांनी बहुतेक गीते उतरून घेतली होती, त्यांतील एक मागील वर्षी वारली.

कार्यवाहांस आमची संमती कळविली आहे. सोबत काही अटी घातल्या आहेत. अर्ध्या पानाहून लहान अभिप्राय संपादकांनी परीक्षकाकडे परत करावा. परीक्षकाचा कागद लेखकाकडे तसाच न धाडता संपादकांनी स्वतः वाचून, आपला निर्णय व त्याची कारणे आपल्या सहीने लिहावीत. लेखकास एकदा उत्तर देण्याची संधी असावी. आणि वर्षाच्या शेवटच्या अंकात त्या वर्षी ज्यांनी परीक्षण केले त्या सर्वांची नावे, कोणी कोणता लेख पाहिला हे न सांगता, एकत्र छापावीत.

हळदीच्या गीतांचे ते लेखक या त्रैमासिकाचे वर्गणीदार आहेत. त्यांचा लेख आला तर तो आमच्याकडे पाठवू नये, हेही पत्रात लिहिले आहे.